ढगेकाकू आणि राजाचं पाणी

पूर्णेला आमचा टेंपो दारात येऊन उभा राहिला. हमाल दोर सोडत होते, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक उंच, काटकुळी बाई पदर कमरेला खोचत आली. तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा काय करतो हेही विचारलं नाही. टेंपोत वाकून बघितलं आणि म्हणाली, "भांडी किती हायेत?"

मला वाटलं स्वयंपाकाची. म्हटलं, "दोघांपुरती आहेत."

"पाण्याची विचारायलेय मी."

मी दोन बादल्या आणि एक कळशी दाखवली. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ह्याच्यावर संसार करणार तुमी?" असं म्हणून ती आल्या पावली परत गेली आणि थोड्या वेळानं एक निळा ड्रम रस्त्यावरून गडगडत घेऊन आली. पलंग कुठं ठेवायचा हे आम्ही नवरा-बायको ठरवायच्या आत ड्रम कुठं ठेवायचा हे तिनं ठरवलं होतं. पलंग मग उरलेल्या जागेत बसला.

या ढगेकाकू. आमच्या गल्लीला नळ चार-पाच दिवसांनी यायचा. दिवसाचा साधारण अंदाज असायचा, वेळेचा नसायचा. त्यामुळे गल्लीतल्या माणसांची विभागणी दोन जातींत झाली होती: नळ आल्यावर धावणारे आणि नळ यायच्या आधी उठून बसणारे. काकू दुसऱ्या जातीच्या पुढारी होत्या. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते, तिचा बारीक फुसफुस असा आवाज होतो. काकूंना तो स्वयंपाकघरात फोडणी तडतडत असतानाही ऐकू यायचा. मग त्या दारात येऊन नुसतं "आला" म्हणायच्या. ओरडायच्या नाहीत. पण त्या एका शब्दानं गल्लीतली निम्मी माणसं ताटावरून उठायची.

आडनावावरून विनोद करायची सोय नव्हती. ढगे नावाच्या बाईनं जन्मभर पाण्याची वाट बघावी, यावर गल्लीतले सगळे विनोद संपून गेले होते. नव्या माणसानं केलाच, तर काकू शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं? आता ती बादली उचला."

पाणी त्या वापरायच्या नाहीत, फिरवायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीच्या भांड्यात, तिथून जास्वंदीच्या मुळाशी. कपड्यांचं शेवटचं पाणी अंगणात सडा म्हणून. पाहुणा आला की पाणी देण्याआधी विचारायच्या, "किती पिणार?" नव्या पाहुण्याला या प्रश्नाचं उत्तर सुचायचं नाही. एकदा आमच्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे आले होते. मी घरात नव्हते म्हणून काकूंनी त्यांना आपल्या ओसरीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या शेजारच्या बाईंनी मला अर्धा ग्लास पाणी दिलं आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मी काही चुकीचं केलं का?"

मी म्हटलं, "संपवलंत ना?"

"हो."

"मग काही नाही."

हे विचारण्यामागं कारण होतं. काकूंच्या मुलीला, मंगलला, पहिलं स्थळ आलं ते वसमतकडचं. मुलगा नोकरीला, घरची शेती, दिसायला नीटनेटका. बोलणी जवळजवळ झाली होती. माणसं उठली आणि काकूंनी ग्लास गोळा करायला घेतले, तर नवऱ्या मुलाच्या ग्लासात निम्मं पाणी तसंच. काकूंनी तो ग्लास सगळ्यांच्या देखत उचलून जास्वंदीला ओतला आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला. नातेवाइकांनी समजावलं. त्यांचं म्हणणं एकच, "मागून घेतलेलं पाणी टाकून उठला. उद्या माझी लेक टाकून उठल."

दुसरं स्थळ पेडगावचं. रामेश्वर नावाचा हा मुलगा इतका घाबरला होता, की त्यानं आपला ग्लास संपवला, शेजारी बसलेल्या मामाचा संपवला आणि तिसरा मागून घेतला. काकूंनी तिथंच होकार दिला. रामेश्वर माणूस खरंच चांगला निघाला, हा मंगलच्या नशिबाचा भाग. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तो सासुरवाडीला आला की समोर येईल ते पाणी निमूट पिऊन टाकतो. मी त्याला एकदा हात धुवायला ठेवलेला तांब्या पिताना पाहिलंय.

या घरात ढगेकाका म्हणजे आवाज नसलेला माणूस. रेल्वेत पॉइंट्समन होते. पूर्णा जंक्शनवर गाडी कोणत्या रुळावर जायची त्यासाठी रूळ बदलून देण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. सगळ्या हिंदुस्थानात जाणाऱ्या गाड्यांना त्यांनी वाट करून दिली आणि स्वतः कधी परभणीच्या पुढं फारसे गेले नाहीत. निवृत्तीनंतरही दोघांना रेल्वेचा फुकट पास मिळायचा. दर वर्षी तो तसाच संपायचा.

कारण नळ. काकू घर सोडायच्या नाहीत. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला अक्षता टाकून, न जेवता, परतीच्या बसमध्ये चढलेल्या मी बघितल्या आहेत. "जेवण काय, घरीबी हाय," म्हणाल्या. "पाणी घरी न्हाई."

काकांच्या खोलीत भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. तारखांचा भाग केव्हाच फाटून गेला होता, चित्र तेवढं राहिलं होतं. एक दगडी राजवाडा, समोर बाग, आणि बागेत ओळीनं उडणारी कारंजी. प्रत्येक कारंज्याचं पाणी वेगळ्या रंगाचं. तांबडं, पिवळं, हिरवं. खाली लिहिलं होतं, डीग. मथुरेजवळचं गाव. तरुणपणी काकांना एका इंजिन ड्रायव्हरनं सांगितलं होतं, की ते रंगीत पाणी खोटं नाही, चित्रकाराचं काम नाही. तिथं खरंच तसं पाणी उडतं. तेव्हापासून काकांच्या मनात ते होतं. अमृतसरची गाडी पूर्णेहून सुटते तेव्हा तिला रूळ लावून देताना ते मनात म्हणायचे, ही मथुरेवरून जायलीय. हे त्यांनी मला सांगितलं. काकूंना कधी सांगितलं की नाही, माहीत नाही. सांगितलं असतं तरी उत्तर ठरलेलं होतं.

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंब घालून राखायची, आणि तीही किती दिवस राहील ते सांगता येत नाही. काका घरी येऊन कॅलेंडरखाली बसले. काकूंनी थेंबांच्या बाटलीवर खूण करून ठेवली आणि दिवसभर नेहमीसारख्या वागल्या.

त्यानंतरच्या एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर वाटाणे सोलत बसले होते. काका माठाजवळ गेले. तांब्या भरून घेतला आणि ग्लासात ओतायला लागले. ग्लास धारेपासून बोटभर बाजूला होता. पाण्याची धार सरळ जमिनीवर पडत होती आणि काकांना ते कळत नव्हतं. ते ग्लास भरायची वाट बघत होते.

काकूंनी तोंड उघडलं. मी मनातल्या मनात दोन्ही कान झाकून घेतले. घरात तांब्याभर पाणी सांडणं म्हणजे काय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या नुसत्या उठल्या, ग्लास उचलला आणि हळूच धारेखाली धरला. ग्लास भरला. काका पाणी प्याले आणि आत गेले. फरशीवरचं पाणी काकूंनी फडक्यानं टिपलं, फडकं जास्वंदीवर पिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर त्या फाटकाशी उभ्या. "मास्तरीणबाई, त्या रंगीत पाण्याचं गाव हाय ना, तिथं कसं जावं लागतं?"

मी मोबाइलवर बघून सांगितलं, की मथुरेपर्यंत रेल्वे, तिथून जीप. पण एक अडचण होती. तिथली कारंजी रोज चालत नाहीत. वर्षातून एक-दोनदा, जत्रेच्या वेळी तेवढी सोडतात.

काकूंनी विचार केला. "वर्साला दोनदा? मंग त्यांच्यापेक्षा आपलंच बरं म्हणायचं."

जत्रा भाद्रपदात होती. पास काढला. मला रजा टाकायला लावली, कारण हिंदी बोलायला कुणीतरी पाहिजे. पाण्यासाठी पेडगावहून रामेश्वरला बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याची परीक्षाच झाली. आधी कोणता ड्रम, मग कोणता, पिण्याचं कोणतं, कशावर कोणतं फडकं बांधायचं. तो सगळं पाठ म्हणून दाखवत होता आणि काका मागं शर्टाला बटणं लावत बसले होते. त्यांनी एक बटण दोनदा लावलं, एक राहिलं. काकूंनी ते बोलता बोलता नीट केलं, रामेश्वरची परीक्षा न थांबवता.

गाडीत बसल्या बसल्या पहिला फोन परभणीच्या आधीच लागला. "आला का?" थोडं थांबून, "न्हाई? बरं. दार उघडंच ठेव. झोपू नको." मग मनमाडला, "आला का? आजूनबी न्हाई?" भुसावळला पुन्हा तेच. समोरच्या बाकावर अमृतसरला निघालेली एक म्हातारी सरदारीण बसली होती. ती हे सगळं ऐकत होती. खंडव्याच्या पुढं तिचे डोळे भरून आले. तिनं काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बेटा है, बहनजी? कब से गया है?"

काकूंनी मला विचारलं, "काय म्हणायलीय?"

मी सांगितलं. काकूंनी आपल्या दख्खनी हिंदीत तिला समजावलं, "बेटा नहीं, माय. नल है. चार दिन से नहीं आया."

सरदारणीला वाटलं, नल हे मुलाचं नाव. तिनं पर्समधून प्रसादाची पुडी काढली, काकूंच्या हातात दिली आणि नल सुखरूप घरी येईल असं सांगितलं. काकूंनी पुडी कपाळाला लावली. "आपल्या गल्लीसाठी एवढं कुणी केलं न्हाई आजपावतर," असं मला म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणत होत्या.

डीगला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. राजवाडा चित्रातल्यासारखाच होता, फक्त चित्रात माणसं नव्हती आणि इथं अख्खा तालुका आला होता. पिवळसर दगडाचे महाल, दोन्ही बाजूंना मोठे तलाव, मध्ये बाग, आणि बागेतून दगडी पाट काढलेले. पाटांत ओळीनं कारंज्यांच्या तोट्या. सगळ्या कोरड्या. काकू एका तोटीजवळ बसल्या, बोट घालून बघितलं आणि कान लावला. पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवली. त्यांनी दुसऱ्या तोटीला कान लावला.

तिथल्याच गावचा एक माणूस हौसेनं माहिती सांगत फिरत होता. त्यानं वर बोट दाखवलं. महालाच्या छतावर मोठा हौद आहे. हौदाच्या भिंतीत कितीतरी भोकं, प्रत्येक भोकाचा नळ वेगळ्या कारंज्याला जातो. भोकात रंगाची पुरचुंडी ठेवायची आणि बोळा काढायचा, की खाली तेवढंच कारंजं त्या रंगाचं उडतं. पूर्वी तो हौद बैलांच्या मोटेनं भरायला कित्येक दिवस लागायचे आणि रिकामा व्हायला काही तास.

मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशासाठी रिकामा करायचे?"

"राजाला बघायला."

"त्याला दुसरं काम न्हवतं?"

माणूस हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. त्या त्याच्याकडे वळल्या. "भय्या, ये पानी बाद में किधर जाता?"

"बगीचे में, अम्मा. और तालाब में."

"गटर में नहीं ना?"

"नहीं अम्मा."

"झाडाला जातं म्हणायलाय," काकूंनी काकांना सांगितलं. "मंग बघायला हरकत न्हाई."

गर्दी एवढी वाढली, की पाटाची कडच दिसेना. काकांना तर आता समोरचं तेवढं, तेही नळीतून बघावं तसं दिसायचं. पुढं उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाच्या पाठीकडे ते शांतपणे बघत होते, जणू इतक्या लांबून तीच पाठ बघायला आले होते. काकूंनी ते पाहिलं. पदर कमरेला खोचला. एका हातानं काकांचं मनगट धरलं, दुसरा हात पुढं केला आणि चालायला लागल्या. नळावरच्या रांगेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला गर्दी म्हणजे काय. "सरको. सरको भैया. नंबर है हमारा." कसला नंबर, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या आवाजात असं काही असायचं, की माणसाला वाटायचं आपणच मध्ये घुसलोय. धिप्पाड माणूस माफी मागून बाजूला झाला. मी मागोमाग गेले.

आम्ही पाटाच्या अगदी काठाशी पोचलो आणि तोट्यांमधून बारीक आवाज यायला लागला. फुसफुस. बाकी कुणाला कळलं नाही. काकू ताठ झाल्या आणि त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आला."

आणि आला. आधी एक थेंब थुंकल्यासारखा, मग हातभर, मग पुरुषभर, मग त्याहून उंच. बघता बघता सगळी बाग उभी राहिली. तांबडं कारंजं, त्याच्या शेजारी पिवळं, पलीकडं हिरवं, आणि उन्हात त्यांचे तुषार एकमेकांत मिसळत होते. लोक टाळ्या वाजवायला लागले.

काकूंनी लगेच कामाला सुरुवात केली. "अवो, ह्यो जवळचा तांबडा हाय बघा. कुंकवावाणी. त्याच्या पलीकडचा पिवळा, बेसनावाणी. आन् त्यो हिरवा हाय ना, आपल्या मंगलच्या लग्नात तुमचा पटका होता, तसा."

काका म्हणाले, "पटका गुलाबी होता."

"हिरवा होता. मी आणलाय, मला ठावं न्हाई का?"

"गुलाबी होता. आन् तू जरा मधून सरक. मला दिसायलंय."

काकू बाजूला सरकल्या. मी त्यांना नवऱ्याचं ऐकून सरकताना पहिल्यांदा बघितलं. काका मान हळूहळू फिरवत होते. एका वेळी एकच कारंजं त्यांच्या नजरेत मावत होतं. ते एक पूर्ण बघायचे, मग पुढच्यावर जायचे. ओळीच्या शेवटपर्यंत गेले आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

वारा फिरला आणि तुषारांचा एक मोठा झोत सरळ आमच्या अंगावर आला. लोक ओरडत मागं पळाले. काकूंनी खास प्रवासासाठी घेतलेली फिकट साडी नेसली होती. तिच्यावर तांबड्या-पिवळ्याचे ओघळ आले. त्या हलल्या नाहीत, कारण काका हलले नव्हते. दोघं काठाशी ओली होत उभी. तेवढ्यात काकूंच्या पिशवीतला फोन वाजला. रामेश्वर. मी घेतला. तो धापा टाकत होता. नळ आला होता. मोठा ड्रम भरला होता, आता मधला आधी भरू की पिण्याचं, एवढं विचारायचं होतं.

मी फोन काकूंच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं. केसांतून पाणी गळत होतं, नाकाच्या टोकावर हिरवा थेंब होता. "तुला वाटल तसं भर," त्या म्हणाल्या. "मला काय विचारायलास? मी पाण्यात हाय."

रामेश्वर नंतर मला म्हणाला, की त्या दिवशी तो अर्धा तास ड्रमापाशी नुसता उभा राहिला. सासूबाईंना काहीतरी झालं असावं असं त्याला वाटलं.

मथुरेच्या जीपमध्ये बसताना काका एवढंच म्हणाले, "तो इंजिनाचा ड्रायव्हर खरं बोलला होता." काकूंनी पदर पिळला. सवयीनं आजूबाजूला बघितलं. रस्त्याच्या कडेला एक कडुनिंबाचं रोपटं होतं, त्याच्यावर पिळला. मग परत मुद्दा काढला, "पटका हिरवाच होता." हा वाद भुसावळपर्यंत चालला.

पुढच्या वर्षी माझी पाथरीला बदली झाली. निळा ड्रम मी परत करायला गेले तर काकू म्हणाल्या, "पाथरीला पाणी सारखं येतंय का? न्हाई ना? मंग ने." ड्रम आमच्यासोबत आला.

त्यांना शेवटचं मी पाथरीतच पाहिलं. साईबाबांचं जन्मगाव म्हणून तिथं दर्शनाला माणसं येतात, तशी ती दोघं आली असावीत. मी जीप स्टँडजवळ भाजी घेत होते. समोरच्या जीपमध्ये मधल्या सीटवर दोघं बसलेली. काकांचे डोळे उघडे होते, पण कुठंच बघत नव्हते. काकू खिडकीकडेला होत्या आणि जीप भरेपर्यंत त्यांना सगळं सांगत होत्या, नेहमीच्या नळावरच्या आवाजात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"डाव्या अंगाला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ हाय. मालक झोपलाय, तोंड उघडं टाकून. त्याच्याम्होरं एक म्हस उभी हाय, ती त्याच्याकडं बघायलीय. त्या बाजूला चपलांचं दुकान. लाल चपला टांगल्यात, तुमच्या मापाच्या न्हाईत. एक बाई चाललीय, लय नटलीय, तुमी तिकडं बघू नका."

काका खुदकन हसले. मी पिशवी खाली ठेवली. हाक मारावी की नाही असा विचार करत होते. त्यांच्या गप्पांत मध्येच जाऊ नये असं वाटलं. जीपवाल्यानं शेवटची दोन माणसं कोंबली आणि गाडी चालू केली.

"आन् भाजीवालीपाशी," काकू म्हणाल्या, "आपली मास्तरीणबाई हुबी हाय. मघापासून हाय. जाडी झालीय जरा. आपल्याला बघून हाक मारावी का न्हाई म्हणून इचार करायलीय."

काकांनी लगेच हात वर केला आणि जोरात हलवला. उसाच्या गुऱ्हाळाकडे. काकूंनी त्यांचं मनगट धरलं, हात हलता ठेवूनच हळूच माझ्याकडं वळवला, आणि जीप मानवतच्या रस्त्याला लागली.